मंगलच्या डब्यात मी काय घातलं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानाही हा विषय मी हळूच बाजूला सारते — त्याला कळत नाही असं थोडंच आहे, पण मी आपली उदबत्ती सरळ लावण्यात गुंतते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, बहुतेक. ओळखत असता तर इतरांसारखीच मी तुम्हालाही बरी बाई वाटले असते, आणि मग माझी जीभ उचलली नसती.

तशी गोष्ट जेवणाच्या डब्याची आहे. भाकरी, भाजी, आमटी, कोशिंबीर. यात लपवण्यासारखं काय असतं, म्हणाल तुम्ही. मीही स्वतःला बरेच दिवस हेच म्हणत होते.

मी राहते येरवड्याला आणि नोकरी करते वाघोलीत, एका कॉलेजच्या प्रवेश विभागात. मंगल तिथेच ग्रंथालयात. ती वाघोलीचीच — म्हणजे वाघोली हे गाव होतं तेव्हापासूनच्या घरातली. आता त्यांच्या ज्वारीच्या शेतात बारा मजली इमारती उभ्या आहेत आणि हे लोक त्यांच्या सावलीत आपल्या दुमजली घरात राहतात. कॉलेजात माझं कुणाशी फारसं जमत नाही. माझं बोलणं तिरकं आहे, असं म्हणतात. मंगलला ते तिरकं बोलणं आवडायचं. खळखळून हसायची. अकरा वर्षं आम्ही ग्रंथालयामागच्या खोलीत समोरासमोर बसून जेवलो. दोघीही जाड, दोघीही चाळिशी ओलांडलेल्या, दोघीही दर सोमवारी नव्याने पथ्य सुरू करणाऱ्या. एकादशी, दुप्पट खाशी — आमचं वर्षभर असंच चालायचं.

तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये कॉलेजात आरोग्य शिबिर झालं. दोघींचीही तीन महिन्यांची शुगर काठावर निघाली. डॉक्टरांनी सहा महिने दिले. खाणं सुधारा, चाला, वजन उतरवा, नाहीतर गोळी सुरू करू. मला ते ऐकून नुसता कंटाळा आला. मंगल मात्र पांढरी पडली. तिच्या आईचं असंच झालं होतं — आधी एक गोळी, मग दोन, मग इंजेक्शन, आणि शेवटी पायाचा अर्धा पंजा कापावा लागला. आईची ती जखम मंगलने दोन वर्षं स्वतःच्या हाताने धुतली होती. गोळी म्हणजे त्या वाटेवरचं पहिलं पाऊल, असं तिच्या मनात पक्कं बसलेलं होतं. “ताई, काय बी करंन, पन गोळी नको,” म्हणाली.

मग तिनेच युक्ती काढली. स्वतःसाठी करताना हात सैल सुटतो, दुसऱ्यासाठी करताना माणूस माप धरतो. तर तिचा डबा मी करायचा आणि माझा तिने. दोन ज्वारीच्या भाकऱ्या, तूप नाही, भाजीला चमचाभर तेल, दाण्याचं कूट नाही, आमटीत गूळ नाही. (गुळाशिवाय आमटी! आमच्या घरात ती आजाऱ्यालासुद्धा कुणी दिली नसती.) सकाळी डबे बदलायचे, दुपारी समोरासमोर जेवायचं, संध्याकाळी धुऊन परत. पण रिकामं भांडं परत द्यायचं नाही हे तर तुम्हाला माहीत आहेच. निदान चिमूटभर साखर घालतात. साखर तर आम्हाला वर्ज्य, म्हणून मंगल त्यात भाजलेली बडीशेप घालायची. रोज, न चुकता, कागदाच्या पुडीत. घरी डबा उघडला की आधी तो वास यायचा.

मला भाकरी येत नव्हती. खरंच येत नव्हती — पोळीवर वाढलेली मी, थापायला गेले की कडेने भेगा. मंगलने मला दोन रविवार घरी बोलावून शिकवलं. पीठ कसं मळायचं, तळहाताने कसं रगडायचं, पाण्याचा हात कधी फिरवायचा. तरी माझ्या भाकऱ्या ढालीसारख्याच व्हायच्या. ती त्या गुमान चावून खायची.

दर शनिवारी जिमखान्यातल्या काट्यावर वजन. दोन महिन्यांत मंगल चार किलो उतरली. मी एक. आणि मग तो एकही परत आला.

आता हे सांगताना माझं मलाच हसू येतं, पण त्या शनिवारी मी जिमखान्यात रडले. मंगलने विचारलं, आणि मी सांगून टाकलं — संध्याकाळची भांडी आवरताना फ्रीजचं दार उघडं धरून, उभ्या उभ्या, मी श्रीखंड खाते. चमचाही न घेता. बोटाने. नवरा बाहेर टीव्हीपुढे, मुलगा मोबाइलमध्ये, आणि मी फ्रीजच्या उजेडात चोरासारखी. कुणी आलं की पाण्याची बाटली काढल्याचं सोंग. आयुष्यात ही लाज मी तिच्याशिवाय कुणालाही दाखवली नव्हती. तिने माझा हात हातात घेतला. “आसूंदे ताई, सोमवारपासनं पुन्हा,” म्हणाली.

बुधवारी आमचे हेडक्लार्क, तोंडावरची रेषही न हलवता, मला म्हणाले, “मॅडम, घरचा फ्रीज बरा आहे ना?”

मागून दोघंतिघं फिसकन हसले. मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.  शिपाईकाम करणाऱ्या शोभाबाईंना मी गाठलं, तर त्यांनी सरळच सांगितलं — मंगलनेच चहाच्या वेळी सांगितलं होतं. श्रीखंड, बोट, बाटलीचं सोंग, सगळं. लोक हसले. आणि मंगल? “ती बी हसली की.”

तुमच्या बाबतीत झालंय असं कधी? ज्या माणसापुढे आपण पदर बाजूला करून जखम दाखवावी, त्याने ती चार लोकांत चहाबरोबर वाटावी? मी तिला जाब विचारला नाही. विचारला असता तर कदाचित दोन शब्द वाजले असते आणि संपलं असतं. पण मी पुण्याची. मी भांडत नाही, मी लक्षात ठेवते. त्या दुपारी तिच्यासमोर बसून मी तिचीच भाकरी खाल्ली, तिच्याच पडवळाच्या भाजीला छान म्हटलं, आणि मनातल्या मनात तिचं थोबाड फोडलं. केसाने गळा कापला हिने माझा, एवढंच डोक्यात घुमत होतं. तिच्या सैल झालेल्या ब्लाउजकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी — आता सांगते. फार लांबवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्वारीचं पीठ मळताना माझा हात तुपाच्या भांड्याकडे गेला. तो आपोआप गेला, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले. हात आपोआप जात नाही. मीच नेला. एक मोठा चमचा साजूक तूप पिठात, आणि दोन मुठी तांदळाचं पीठ. आमटीवर तुपाची वेगळी फोडणी. कोशिंबिरीच्या दह्यात साय फेटून. भाजीत कूट, पण इतकं बारीक वाटून की ते रसातच मिळून जावं. मी काय करत होते हे मला पूर्ण माहीत होतं. हे काही विष नव्हतं, चांगलंचुंगलंच होतं, असंही मी तेव्हा मनाशी म्हटलं होतं. काय पण समजूत!

त्या दुपारी मंगलने भाकरी मोडली, थांबली, आणि तिचं तोंड उजळलं. “अगं ताई! काय मऊ झालीया! आता तू पक्की वाघोलीची झालीस बघ.” शोभाबाईंनाही एक तुकडा दिला. “माझ्या शिष्येच्या हातची,” असं सांगून. मला तेव्हा वाईट वाटलं का? नाही. छातीत काहीतरी गार, गोड पसरलं. श्रीखंडासारखं, म्हणायला हरकत नाही.

चार महिने. एखाद्या दिवशी रागाच्या भरात झालं आणि मी सावरले, असं नाही — सुट्टीचे दिवस सोडले तर चार महिने, रोज सकाळी, आंघोळ करून, देवाची घंटा वाजवून मी हे केलं.

तिचं वजन आधी थांबलं. मग चढायला लागलं. मंगल हैराण. तिने रात्रीचं जेवण सोडलं, सकाळचं चालणं दुप्पट केलं. डोकं गरगरतं म्हणायची, ग्रंथालयातल्या स्टुलावर चढायला घाबरायची. तरी काटा खाली येईना, कारण दिवसभरात ती एकदाच पोटभर जेवायची, आणि ते माझ्या हातचं. घरी सासू म्हणायला लागली, ही चोरून खाते. नवऱ्याने आधी ऐकून घेतलं नाही. मग तोही काट्याकडे बघायला लागला. मंगलने मुलीची शपथ घेतली. पण काटा काय खोटं बोलतो? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना — मी इथे रोज समोर बसून ती फाशी बघत होते, आणि वर आमटी वाढत होते.

नोव्हेंबरमध्ये एकदा तिचा नवरा कॉलेजच्या फाटकाशी मला भेटला. गाडी बंद करून, खाली बघत, संकोचून म्हणाला, “ताई, एक इचारायचं हुतं. मंगल हितं काय खाती का वो? वडापाव-बिडापाव? घरात तर काय खात न्हाय म्हनती.”

साधा माणूस. बायकोवर विश्वास ठेवायला काहीतरी आधार मागत होता. नाही हो दादा, कणभरही खात नाही — एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं, आणि ते खरंच होतं. मी काय म्हटलं? मी पर्सची चेन लावत म्हटलं, “आता मी काय सांगू दादा. ज्याचा त्याचा संयम असतो.”

त्याने मान डोलावली. पुढच्या आठवड्यात मंगलच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप लागलं. गूळ, शेंगदाणे, फरसाण, साखर, सगळं आत. किल्ली सतरा वर्षांच्या मुलीकडे.

हे मला मंगलनेच सांगितलं, डबा उघडता उघडता. रडत नव्हती. फक्त आवाज खाली गेला होता. म्हणाली, “ताई, मला वाटतं मी झोपंत उठून खात आसंन. माझाच माझ्यावर भरवसा ऱ्हायला न्हाय.” आणि मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता — “तुझं ते फ्रीजचं मी बोलले हुते चहाच्या टायमाला. लोकं हसली, मी बी हसले. आता घरात मला हसत्यात तवा कळतंय. माफ कर मला.”

माफ कर. ती मला म्हणाली.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. माझ्या रागाचं सगळं भांडवल त्या एका वाक्याने संपलं होतं, हातात काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, “अगं, ते मी केव्हाच विसरले.” आणि घरी जाऊन ठरवलं की उद्यापासून बंद. पण उद्या पिठाच्या परातीसमोर उभी राहिले आणि लक्षात आलं — तूप नाही घातलं तर भाकरी पुन्हा ढालीसारखी होणार. इतक्या दिवसांची मऊ भाकरी एका सकाळीत कडक झाली, तर भाकरीत हयात गेलेल्या त्या बाईला कळायला किती वेळ लागेल? म्हणून मी घातलं. पकडली जाऊ नये म्हणून घातलं. रागापोटी घातलेल्या तुपापेक्षा हे तूप वाईट होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. हळूहळू कमी करायचं ठरवलं — आधी अर्धा चमचा, मग पाव; आमटीची फोडणी सगळ्यात शेवटी, कारण तिची बदललेली चव लगेच कळली असती.

जानेवारीत तपासणी झाली. मंगलची शुगर काठ ओलांडून पलीकडे गेली होती. पथ्य पाळायचं नसेल तर आमचा वेळ तरी घेऊ नका, असं डॉक्टर चारचौघांत म्हणाले, आणि गोळी लिहून दिली. तिने तो कागद चौकोनी घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला.

माझी शुगर उतरली होती. वजनही, पाच किलो. माझं फ्रीजचं प्रकरण सुटलं नव्हतं तरी! कारण दुपारचा माझा डबा चोख होता. सहा महिने मंगलने तेलाचा एक थेंब इकडचा तिकडे केला नव्हता. डॉक्टरांनी मला शाब्बास म्हटलं, आणि मंगल — तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “माझ्या हातचं तुझ्या अंगी लागलं बघ.” त्या आवाजात असूया नव्हती. शोधली मी. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. तिने तर मीठसुद्धा मोजून घातलं होतं माझ्या जेवणात.

डबे बदलणं आम्ही थांबवलं नाही. तीच म्हणाली, चालू ठेवू, कदाचित गोळी सुटंल. आणि चारच दिवसांनी ते झालं. थंडी कडाक्याची होती. ग्रंथालयामागची खोली उन्हाचं तोंडही बघत नाही, आणि त्या दिवशी वीज गेली. एरवी आम्ही विजेच्या शेगडीवर डबा गरम करायचो, म्हणून कधी काही दिसलं नव्हतं. मंगलने आमटीचं झाकण काढलं. वर पांढरी साय धरलेली. आमटीला साय धरत नाही. ते तूप होतं, गोठलेलं.

तिने बोटाने ते उचललं. अंगठ्यावर चोळलं. मग भाकरीचा तुकडा मोडला आणि तोही चिमटीत चोळला, वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मी माझ्या ताटात बघत होते. तिथे तिने केलेली मेथी होती.

तिने गोठलेल्या तुपासकट आमटी खाल्ली, दोन्ही भाकऱ्या संपवल्या, काही टाकलं नाही. संध्याकाळी डबा धुऊन माझ्या टेबलावर ठेवून गेली. घरी येऊन मी तो उघडला. चारही पुडं घासलेली, कोरडी पुसलेली. बडीशेप नव्हती. मी कागदाची पुडी पिशवीत पडली असेल म्हणून पिशवीही झटकून बघितली. सगळं रिकामं होतं.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, “उद्यापासनं ज्याचा त्यानं आणू.” बस. मी वाट बघत राहिले — आता चहाच्या वेळी सांगेल, आता हेडक्लार्क काहीतरी म्हणतील, आता शोभाबाई माझ्याकडे बघून तोंड फिरवतील. कुणी काही म्हटलं नाही. माझं श्रीखंड तिने चार लोकांत वाटलं होतं. हे नाही वाटलं. नवऱ्यालाही सांगितलं नसावं. आणि सांगितलं असतं तरी कुणी मानलं असतं का? चोरून खाणारी बाई मैत्रिणीवर ढकलतेय, असंच म्हणाले असते. ती सोय मीच करून ठेवली होती, फाटकाशी, पर्सची चेन लावता लावता.

रथसप्तमीच्या आधी तिच्याकडे हळदीकुंकू होतं. कॉलेजातल्या सगळ्या जणी निघाल्या. न जाणं दिसलं असतं म्हणून मीही गेले. खोली भरलेली, सासूबाई खुर्चीवर. मंगल करंडा घेऊन एकेकीला हळदकुंकू लावत होती. मला लावताना तिचा हात थांबला नाही, इतरांना लावलं तसंच लावलं. लाडवांचं ताट रिकामं झालं तशी सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “कपाटात हायेत आजून. पन कुलपात ठिवावं लागतंय, बाई. आमच्या सूनबाईचा हात वाईट.”

बायका हसल्या. तेच हसू, मी ओळखते ते.

मंगलने मुलीला हाक मारली. “पिंके, किल्ली दे गं.” हात पुढे करून, किल्ली येईपर्यंत तशीच उभी राहिली, स्वतःच्याच घरात, सवाष्णींनी भरलेल्या खोलीत. आणि तिने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. ती वाट बघत होती.

एक वाक्य होतं. ते मला पाठ होतं, आजही आहे. मी तोंड उघडलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, सासूबाईंनीसुद्धा. आणि मी म्हटलं, “लाडू छान खुसखुशीत झालेत हं.”

मंगलने किल्ली घेतली आणि आत गेली.

आम्ही अजून त्याच खोलीत जेवतो, आता एक टेबल सोडून. जेवण झालं की ती गोळी घेते. गेल्या वर्षापासून दोन घेते. माझी शुगर चांगली आहे. कपाटाचं कुलूप तसंच आहे, शोभाबाईंकडून कळतं. कॉलेजच्या फाटकापासून मंगलचं घर चालत दहा मिनिटांवर आहे. मी गेलेले नाही.